मोठे मध्य अमेरिकी सिक्लिड ठाण्या-नवी मुंबईत पाळायचे तर: टाकी, पाणी आणि खायच्या सोड्याचा हिशोब

कुर्ल्याच्या बाजारात जॅग्वारचं, म्हणजे सिक्लिड कुळातल्या एका मोठ्या मध्य अमेरिकी माशाचं, पिल्लू मिळतं ते बोटाच्या दोन पेरांएवढं. वर्षभरात ते वीतभर होतं, दोन-अडीच वर्षांत नर फुटाच्या पुढे जातो आणि नीट ठेवला तर दहा-बारा वर्षं घरातला होऊन राहतो. म्हणून आधी जागा, मग टाकी, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी मासा, हा क्रम मोडू नका.

या माशांची मारामारी डोळ्यांना दिसते, त्यामुळे सगळी चर्चा तिच्याभोवती फिरते. पण आपल्याकडे मोठा सिक्लिड अचानक दगावला की आधी संशय घ्यावा तो पाण्यातला केएच, म्हणजे कार्बोनेटचा साठा, संपल्याचा. सह्याद्रीच्या पावसाचं, काळ्या बेसाल्टवरून धरणात उतरलेलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असतं आणि हे मासे खातात भरपूर. या दोन गोष्टींचा मेळ घालणं हेच खरं काम आहे.

कोणता मासा, किती मोठी टाकी

मध्य अमेरिकी म्हणजे ढोबळमानाने मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या नद्या-तलावांतले. दुकानात त्यांच्याच शेजारी ठेवलेले ऑस्कर आणि ग्रीन टेरर दक्षिण अमेरिकेतले. ऑस्कर आकाराने मोठा असला तरी स्वभावाने मवाळ, त्याला जॅग्वारसोबत ठेवलं की मार खातो. फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात नाहीच. 1990 च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. त्याची निगा इथे सांगितली तशीच, फक्त एका टाकीत एकच.

पूर्ण वाढीची लांबी अशी: कन्व्हिक्ट 10 ते 12 सेंमी, फायरमाउथ 12 ते 15, जॅक डेम्प्सी 20 ते 25, रेड डेव्हिल, मिडास आणि टेक्सास 25 ते 30, जॅग्वारचा नर टाकीत 35 ते 40. डोव्ही 60 सेंमीच्या घरात जातो. त्याला आठ फूट लांब, तीन फूट रुंद टाकी लागते, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्याचा विचार सोडून द्यावा.

दुकानदार ज्याला ‘चार फुटी’ म्हणतात ती बहुधा 4 × 1.5 × 1.5 फूट असते, म्हणजे 255 लिटर. तिची रुंदी अठरा इंच. पंधरा इंचांच्या जॅग्वारला त्यात धड वळताही येत नाही. जॅक डेम्प्सीची जोडी किंवा एकटा रेड डेव्हिल यांच्यासाठी 4 × 2 × 2, म्हणजे 450 लिटर धरा. जॅग्वारसाठी 6 × 2 × 2, म्हणजे 680 लिटर, हे किमान. उंची वाढवून लिटर वाढवू नका. या माशांना लांबी-रुंदी लागते, उंची नाही.

वजन आणि जागा

4 × 2 × 2 टाकीत पाणी 450 किलो, 10 मिमी काच सुमारे 75, वाळू-दगड 30 ते 40, स्टँड 40. एकूण 600 किलो आठ चौरस फुटांवर. सहा फुटी टाकीला 12 मिमी काच घ्यायची, तिचं एकूण वजन 900 किलोच्या आसपास जातं. राहत्या घराच्या स्लॅबवर साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर चल भार (माणसं-सामानाचा भार) धरतात आणि टाकीखालच्या जागेवर त्याच्या चौपट भार येतो. तेव्हा टाकी बीमवर किंवा भिंतीला लागून ठेवा. गॅलरीत किंवा बाहेर काढलेल्या स्लॅबवर मुळीच नको. नौपाड्यातल्या जुन्या इमारती, सिडकोची जुनी घरं, किंवा जिथे स्लॅबची दुरुस्ती झालेली आहे अशा जागी सहा फुटी टाकीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तळमजला असेल तर प्रश्नच मिटला.

स्टँड दीड इंची एमएस चौकोनी पाइपचा, पावडर कोटिंग केलेला. साधा रंग आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत फुगतो. वर 18 मिमी मरीन प्लाय, त्यावर 12 मिमी थर्माकोल आणि मग टाकी. रिकामी असताना पाणसळ लावून पातळी बघा, अर्धी भरल्यावर पुन्हा बघा. झाकण जड किंवा क्लिप लावलेलं हवं, कारण घाबरलेला रेड डेव्हिल हलकं झाकण डोक्याने उचलतो.

विजेसाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

फिल्टर

टाकीखाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी लहान टाकी, हा सर्वांत चांगला पर्याय. त्यात पाणी वाढतं आणि हीटरही तिथे ठेवता येतो. मुख्य टाकीतला काचेचा हीटर हे मासे शेपटीच्या एका फटक्यात फोडतात. 450 लिटरच्या टाकीला 3 फूट × 15 इंच × 15 इंच संप पुरतो. पाणी आधी फिल्टर सॉकमधून (गाळणीची कापडी पिशवी), मग स्पंजातून, मग सिरॅमिक रिंग किंवा बायोबॉलमधून आणि शेवटी पंपाकडे. तासाला टाकीच्या सहापट पाणी फिरायला हवं, म्हणजे 2,700 लिटर. पण पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट वर चढवताना तो बराच घसरतो, म्हणून 4,000 ते 5,000 चा पंप घ्या.

वीज गेली की वरचं पाणी ओव्हरफ्लोपर्यंत, म्हणजे संपात पाणी सोडणाऱ्या तोंडापर्यंत, खाली उतरतं. चार बाय दोनच्या टाकीत पातळी एक इंच घसरली तरी 18 लिटर संपात येतात, शिवाय रिटर्न पाइप, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणारा पाइप, सायफन होऊन उलटं पाणी ओढू लागला तर पाणी हॉलभर होतं. म्हणून रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली 5 मिमीचं भोक पाडा आणि ते महिन्यातून एकदा काडीने साफ करा. टाकी पहिल्यांदा भरली की मुद्दाम पंप बंद करून संपात पाणी कुठवर चढतं ते पाहा आणि तिथे मार्करने खूण करा.

कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, वापरत असाल तर एक धोका लक्षात ठेवा. तीन-चार तास वीज गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो आणि आतले, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तेच सडकं पाणी टाकीत जातं. अशा वेळी आधी डबा उघडा, टाकीच्याच पाण्यात आतला मीडिया (स्पंज, रिंग) हिसळा आणि मग सुरू करा. एक एअर पंप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर हवाच.

आतली मांडणी

हे मासे खणतात. नर तोंडात वाळू भरतो, तीन-चार इंच मागे सरकून ती भसकन सोडतो आणि पुन्हा खड्ड्याकडे वळतो. रात्रीत दगडाखालची सगळी वाळू निघालेली असते. त्यामुळे दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी तळकाचेवर दगड, खाली पातळ प्लास्टिक जाळी, आणि मग भोवती दीड-दोन इंच वाळू. आपला काळा दगड उत्तम, स्वस्त आणि पाण्यात विरघळत नाही. पण रस्त्याच्या कामावरून उचललेला नको, त्याला डांबर-सिमेंट लागलेलं असतं.

झाडं टिकत नाहीत. लपायला पीव्हीसी पाइप द्या: डेम्प्सीला 110 मिमी, जॅग्वारच्या मादीला 160 मिमी, आणि दोन्ही तोंडं उघडी. एकच तोंड असलेली गुहा म्हणजे मादीसाठी सापळा.

पाणी

ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. जॅग्वारच्या शास्त्रीय नावातच निकाराग्वातला मानाग्वा तलाव आहे आणि तिथलं पाणी अल्कधर्मी. मासा काटक आहे, आपल्या पाण्याच्या पीएचशी जमवून घेतो. पण टाकीतले जिवाणू जमवून घेत नाहीत.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यातलं कार्बोनेट किती ते सांगत नाही. थेंबांची केएच किट घ्या, सोबत पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट (जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात). नळाचं पाणी उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा मोजा. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टँकर आला असेल तर त्या दिवशीचं वेगळं मोजा, कारण बोअरचं पाणी असेल तर आकडा एकदम वर जातो.

आता हिशोब. समजा माशांना रोज 5 ग्रॅम दाणे जातात, त्यात 45 टक्के प्रथिनं. म्हणजे 2.25 ग्रॅम प्रथिनं आणि त्यात 0.36 ग्रॅम नायट्रोजन. त्यातला साधारण दोन-तृतीयांश, 0.24 ग्रॅम, अमोनिया होऊन पाण्यात येतो. जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना सात ग्रॅमहून थोडं जास्त कार्बोनेट (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खातात, म्हणजे रोज 1.7 ग्रॅम. 450 लिटरमध्ये आठवड्याला केएच जवळपास दीड अंशाने (हा केएचचा अंश, तापमानाचा नव्हे) उतरतो. नळाचं पाणीच 3 अंशांचं असेल आणि दोन आठवडे पाणी बदललं नाही, तर साठा संपला.

साठा संपला की पीएच घसरतो. 6 च्या आसपास जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि अमोनिया साचतो. गंमत अशी की मासा तरीही जिवंत दिसतो, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. मग घरात कुणाला तरी दया येते, अर्धं पाणी बदललं जातं, पीएच 6 वरून साडेसातवर उडतो आणि उरलेल्या अमोनियातला विषारी वाटा तीसपट होतो. सकाळी मासा आडवा. लोक नळाच्या पाण्याला दोष देतात. दोष महिनाभर न मोजलेल्या केएचचा असतो.

उपाय स्वयंपाकघरात आहे: खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नव्हे. 100 लिटर पाण्याला 3 ग्रॅम सोडा टाकला की केएच 1 अंश वाढतो. लक्ष्य 6 ते 8 अंश ठेवा, पीएच आपोआप साडेसात ते आठच्या दरम्यान राहतो. बदलायचं पाणी 225 लिटर असेल आणि नळ 3 अंशांचा असेल, तर 7 वर नेण्यासाठी 27 ग्रॅम लागतात. वजनकाट्यावर मोजा, मगभर पाण्यात विरघळवा आणि नव्या पाण्यात आधी मिसळा. चालू टाकीत दिवसाला 1 अंशापेक्षा जास्त वाढवू नका. शिवाय संपात दोन-तीन किलो कुटलेलं प्रवाळ किंवा स्वच्छ धुतलेले शिंपले जाळीच्या पिशवीत ठेवा. ते हळूहळू विरघळतात आणि सोडा देत नाही ते कॅल्शियमही देतात. त्यांच्यावर बुळबुळीत थर चढला की काम थांबतं, म्हणून दर महिन्याला हिसळा.

केएच शून्य सापडलाच तर घाबरून अर्धं पाणी बदलू नका. खाणं बंद, हवा वाढवा, अमोनिया मोजा. रोज फक्त दहा टक्के पाणी बदला आणि केएच रोज अर्धा अंश वाढवा, 450 लिटरला 7 ग्रॅम. मिळत असेल तर अमोनिया बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर पूर्ण टाकीच्या मापाने घाला.

क्लोरीनसाठी हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, 100 लिटरला 1 ग्रॅम. सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका, ब्लीचिंग पावडरचा अंश हमखास असतो.

टाकी मुरवणं

मासा आणण्याआधी जिवाणूंची वसाहत तयार करायची. त्यांना खायला अमोनिया लागतो आणि त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याकडची वडी नको, तिच्यात काय काय मिसळलंय सांगता येत नाही. रासायनिक दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. 450 लिटरला 3 ग्रॅम टाकले की अमोनिया 2 पीपीएम (लिटरला 2 मिग्रॅ) होतो. एका आड एक दिवस मोजा, शून्याजवळ आला की पुन्हा टाका. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि बराच काळ अडून बसतो. या टप्प्यावरच लोकांचा धीर सुटतो. 3 ग्रॅमचा डोस 24 तासांत अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य इथवर आला की टाकी तयार. आपल्या हवेत चार ते सहा आठवडे धरा. या काळात केएच सर्वांत वेगाने पडतो, दर आठवड्याला मोजून सोडा घाला. ओळखीच्याच्या निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर वेळ निम्म्यावर येतो. शेवटी 80 टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासा आणा.

मासे आणणं, जोडी जमवणं

पिशवी दुहेरी, एक-तृतीयांश पाणी, वर ऑक्सिजन आणि एका पिशवीत एकच मासा. लोकलने आणणार असाल तर दुपारची वेळ धरा आणि पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा. घरी पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या, मग दर दहा मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी तीन-चार वेळा घाला. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

मोठा नर आणि मोठी मादी आणून एकत्र सोडली की जोडी होत नाही, खून होतो. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवा. चार-पाच इंचांची झाली की दोघं एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हुसकतात. त्याच आठवड्यात बाकीची काढा, आणि ती कुणाला द्यायची हे पिल्लं घेण्याआधीच ठरवून ठेवा.

खरी भांडणं ओळखता यायला हवीत. कल्ले फुगवणं, अंग थरथरवणं, जबडा जबड्यात धरून ढकलाढकली हे जोडी जमण्याचा भागही असतं. पण मादी वरच्या कोपऱ्यात उभी, पर मिटलेले, रंग उडालेला आणि नर खाणं सोडून तिच्याकडे जातोय, असं दिसलं की वाट पाहू नका. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा पडदा चारही कडांना घट्ट बसवून टाका. त्यात मादी जाईल पण नर अडकेल एवढं भोक ठेवलं तर निवड मादीच्या हातात राहते.

जॅग्वारची मादी एका वेळी हजाराहून जास्त अंडी घालते. 28 अंशांना तीन दिवसांत ती फुटतात आणि आणखी पाच-सात दिवसांत पिल्लं पोहू लागतात. ती कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर अंडी काढून टाका. आणि काही झालं तरी मासे ठाण्याच्या मासुंदा, उपवन, कचराळी किंवा नवी मुंबईच्या धारण तलावांत सोडू नका. फिलिपिन्सच्या ताल सरोवरात जॅग्वारने बस्तान बसवलं आहे, इंडोनेशियाच्या धरणांत रेड डेव्हिलने. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, फुकट का होईना.

खाणं

मुख्य अन्न बुडणारे दाणे, 40 ते 45 टक्के प्रथिनांचे. मोठ्या माशाला दिवसातून एकदा, वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, दोन मिनिटांत संपेल एवढं. पिल्लांना दिवसातून तीनदा. आठवड्यातून दोनदा कवचासकट कच्ची कोळंबी, डोक्याचा काटा काढून. सुका जवळा द्यायचा तर तासभर पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, कारण त्यात मीठ असतं. गांडुळं उत्तम, पण फवारणी नसलेल्या मातीतली. चिकन, मटण, कलेजी नको, ती चरबी या माशांना पचत नाही. जिवंत मासे खाऊ घालणं बघायला थरारक वाटतं, पण त्यांच्याबरोबर जंत आणि रोग टाकीत येतात. आठवड्यातला एक दिवस उपास.

आठवड्याचं काम, ऋतूंप्रमाणे

दर रविवारी 40 ते 50 टक्के पाणी. 225 लिटर म्हणजे 20 लिटरच्या अकरा बादल्या. कंबर वाचवायची तर 200 लिटरचा प्लास्टिक ड्रम आणि छोटा पंप घ्या. ड्रममध्ये हायपो आणि सोडा आधीच मिसळून ठेवता येतो आणि पालिकेचा शटडाउन आला तरी साठा हाताशी असतो. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या. नायट्रेट 40 पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका.

मे महिन्यात टाकीचं पाणी 31-32 अंशांवर जातं. 25 अंशांना पाणी लिटरला 8.3 मिग्रॅ ऑक्सिजन धरतं, 32 ला 7.3. मासे वर येऊन धापा टाकतात तो उकाड्यापेक्षा या कमतरतेचा परिणाम. झाकण उघडून जाळी लावा, पाण्यावर पंखा सोडा, एअर स्टोन वाढवा आणि खाणं एक-तृतीयांश कमी करा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी 24 च्या खाली जात असेल तर संपात 300 वॉटचा हीटर 26 वर लावा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर त्या आठवड्यात 20 टक्क्यांवर भागवा, दोन दिवस ड्रममध्ये निवळू देऊन.

आजार

डोक्यावर टाचणीएवढी भोकं पडून त्यातून पांढरं काही डोकावतं, शेण पांढरं आणि दोऱ्यासारखं होतं, मासा खाणं थुंकतो: हा होल-इन-द-हेड. आधी नायट्रेट आणि केएच मोजा, कारण घाण पाण्यातच तो बळावतो. औषध मेट्रोनिडाझोल, 400 मिग्रॅची एक गोळी 60 लिटरला, रोज 25 टक्के पाणी बदलून पाच दिवस, शक्यतो वेगळ्या टाकीत. ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, पशुवैद्याकडून लिहून घ्या. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर तापमान हळूहळू 30 वर न्या, हवा वाढवा, लिटरला 2 ग्रॅम खडे मीठ दोन दिवसांत विभागून घाला आणि ठिपके गेल्यावरही दहा दिवस तसंच ठेवा. चावे आणि फाटलेले पर स्वच्छ पाण्यात आपोआप भरतात. त्यांना औषध नको, भांडखोराला पडदा हवा.

गणपतीला गावी जाताना

मोठा निरोगी सिक्लिड आठ-दहा दिवस उपाशी राहू शकतो, त्याचं काही बिघडत नाही. शेजारच्या काकूंकडे खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, मायेपोटी मुठीने टाकलं जातं. द्यायचंच असेल तर कागदाच्या दोन पुड्या, एकेका दिवसाची, तारीख लिहून. निघण्याच्या दोन दिवस आधी अर्धं पाणी बदला, केएच 8 ला आणा, फिल्टर सॉक नवा घाला, संप खुणेपर्यंत भरा. पंपाचा स्विच कोणता ते चिकटपट्टीवर लिहा. घरातून निघताना मेन स्विच बंद करायची सवय असते, त्यासाठी दारामागेही एक चिठ्ठी लावा. परत आल्यावर मासा काचेशी येऊन कितीही नाचला तरी आधी अमोनिया आणि केएच मोजा, मग अर्धं पाणी बदला आणि संध्याकाळी नेहमीच्या निम्मं खायला द्या.